3 सेंटीमीटरचा मुतखडा पाठीला छिद्र न पाडता लेझरने निघत नाही का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या डाव्या किडनीत 3 सेंटीमीटरचा, शाखा फुटलेला खडा आहे, डॉक्टर पीसीएनएल (पाठीला छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढायचं ऑपरेशन) सांगतात, आणि शेजाऱ्यांचा खडा मात्र लघवीच्या वाटेने लेझरने निघाला. त्यांचा बहुधा सेंटीमीटरभराचा असेल. खडा तिप्पट रुंद झाला की आतला ऐवज 27 पट होतो. लवचीक दुर्बिणीतून तेवढ्याचा भुगा करत बसलं तर वेळ लांबतो, किडनीत पाण्याचा दाब वाढतो आणि बऱ्याचदा पुन्हा टेबलावर जावं लागतं. 2 सेंटीमीटरच्या वर पहिली पसंती पीसीएनएललाच. सल्ला बरोबर आहे.

छिद्र 24 ते 30 फ्रेंचचं (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे 8 ते 10 मिलीमीटर. मिनी पीसीएनएलमध्ये त्याहून बारीक. आधी लघवीच्या वाटेने मूत्रनलिकेत कॅथेटर (बारीक नळी) घालून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडतात, म्हणजे किडनीतले कप्पे सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळच्या एक्स-रे यंत्रावर, दिसतात. मग बहुतेक ठिकाणी रुग्णाला पालथं करून सुई घालतात, आणि खरं कसब इथेच. सुई कप्प्याच्या टोकातून शिरली तर रक्त कमी जातं. कप्प्याच्या मानेतून, म्हणजे अरुंद भागातून, शिरली तर लगतची रक्तवाहिनी फाटू शकते. सुईतून तार, तारेवरून डायलेटर, मग नळी. त्या नळीतून खडा फोडून तुकडे चिमट्याने काढतात.

मला स्वतःला रक्तापेक्षा जंतूंची धास्ती जास्त. शाखांचा खडा पुष्कळदा जंतूंमुळेच वाढलेला असतो. फोडला की आतले जंतू मोकळे. म्हणून लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) आधी, आणि जंतू निघाले तर अँटिबायोटिक सुरू करून मगच ऑपरेशन. सुई टाकल्यावर पू आला तर शहाणा सर्जन नुसती नळी ठेवून थांबतो. नातेवाईक तेव्हा चिडतात, पण तेच योग्य. वडील अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आत्ताच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

नंतर दोनेक दिवस लघवी गुलाबी असते, ते चालतं. पण घरी आल्यावर, अगदी दोन आठवड्यांनीसुद्धा, लालभडक लघवी किंवा गुठळ्या आल्या, किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. लालभडक लघवीमागे रक्तवाहिनीला आलेला फुगा असू शकतो. तो अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची एक्स-रे तपासणी) करून आतूनच बंद करतात.

डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली तात्पुरती नळी) घातला असेल तर काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर पुन्हा खडा चढतो, आणि मग तो ओढून निघत नाही.