सबब आधीच तयार असते

प्रश्न : पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. वर्षभर अभ्यासिकेत बसतो, पण पूर्वपरीक्षा जवळ आली की रात्री मोबाइलवर जातात. सराव पेपर तर टाळतोच. मी आळशी आहे का?

उत्तर : आळशी माणूस वर्षभर अभ्यासिकेत बसत नाही. तुम्ही सबब जमवताय. ‘झोपच झाली नव्हती, नाहीतर निघाली असती’ असं म्हणता आलं की दोष जागरणाचा, बुद्धीची झाकली मूठ तशीच. (‘किती झालं रे?’ ‘काहीच नाही!’ हा अभ्यासिकेतला नेहमीचा संवादही त्याच जातीचा.)

१९७८ साली अमेरिकेत स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना मुळात न सुटणारे प्रश्न दिले आणि तरी ‘छान सोडवलेत’ असं सांगितलं. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं : एक बुद्धीला मदत करणारं, दुसरं ती मंदावणारं. या गटातल्या मुलग्यांचा कल मंदावणाऱ्या औषधाकडे दिसला. यश कशामुळे मिळालं हेच ठाऊक नसेल, तर ते पुन्हा मिळेल याचा भरवसा कुठून येणार?

म्हणून या आठवड्यात एक पेपर घड्याळ लावून सोडवा आणि आलेले गुण एका मित्राला दाखवा. कमीच येतील. येऊ द्या. आणि पद मिळालं नाही तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा. परीक्षेवरचा भार उतरतो.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. लहानपणापासून सगळे त्याला हुशार म्हणतात. आता गणिताला हात लावत नाही.

उत्तर : न सोडवलेलं गणित चुकत नाही, हुशारी शाबूत राहते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर कच खातात. मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकतात. गुण विचारू नका, कुठली पायरी अडली ते विचारा. आणि पाहुण्यांसमोर त्याचं गुणगान बंद.

प्रश्न : बँकेत आहे. बढती घेतली की बदली, म्हणून दरवेळी अर्ज टाळते. घरचे म्हणतात, घाबरतेस.

उत्तर : मुलांची शाळा आणि घरातली म्हातारी माणसं यांचा विचार करणं म्हणजे पायावर धोंडा मारणं नव्हे. बदली याच शहरात होईल असं लेखी मिळालं, तर अर्ज भराल? ‘हो’ असेल तर घरच्यांना तसं सांगा. ‘तरी नकोच’ असेल तर मला पुन्हा लिहा.