बोनस देतो, टी-शर्ट देतो, तरी पोरं सोडून का जातात?

प्रश्न: सर, नाशिकला सातपूर एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, सीएनसी टर्निंगचं (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर सुटे भाग बनवायचं), 26 जण आहेत. दिवाळीला बोनस देतो, यंदा सगळ्यांना कंपनीचे टी-शर्ट दिले, दर महिन्याला एम्प्लॉयी ऑफ द मंथचा फोटो लावतो, तरी सहा महिन्यांत चार चांगले ऑपरेटर गेले आणि तेही हजार-दीड हजार जास्तीसाठी. आणखी काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, हजार-दीड हजार हे सांगायचं कारण असतं, खरं कारण मालकाच्या तोंडावर कोणी सांगत नाही. मी बारा वर्षं शॉपफ्लोअरवर काढलीत. आमच्याकडे एक ऑपरेटर होता, फिक्स्चर (जॉब, म्हणजे बनवायचा भाग, मशीनवर पकडून ठेवणारा साचा) घासलंय, जॉब नीट बसत नाहीये असं तो तीन दिवस सुपरवायझरला सांगत होता, सुपरवायझर म्हणे तू फक्त प्रॉडक्शन काढ, मग अख्खा लॉट रिजेक्ट झाला आणि सगळ्यांसमोर बोलणी कुणाला तर त्यालाच. पुढच्या महिन्यात गेला तो. जाताना म्हणाला घर लांब पडतं. मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

बोनसचं म्हणाल तर 20 च्या वर माणसं आहेत म्हणजे किमान 8.33 टक्के कायद्यानेच द्यावा लागतो, तो पोरांचा हक्क आहे, त्याला कौतुकात धरू नका. टी-शर्ट ठीक आहे.

त्यापेक्षा हे बघा की पगार ठरल्या तारखेला होतो का, की पार्टीचं पेमेंट आलं नाही म्हणून 7 चा 12 होतो? कारण कामगाराचा ईएमआय थांबत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने देता की 'अॅडजस्ट करू' म्हणता? जेवायच्या सुट्टीत डबा अर्धा सोडून कुणाला मशीनवर बोलावलं जातं का? आणि बोटाला लागलं तर आधी बोट बघतात की जॉब बघतात?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या ना, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार हेच होतं. रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं. इतकी वर्षं झाली तरी मला भेटणारे कामगार जवळपास हेच बोलतात, म्हणून मी आधी इथंच बघायला सांगतो.

दुसरं, तो फोटो कोण ठरवतं? सुपरवायझर ठरवत असेल तर बाकी 25 जणांना त्याचा राग येतो, नका लावू. त्याऐवजी रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं मशीनपाशी उभे राहा आणि कालचं काय अडलं ते विचारा, आणि सांगितलेल्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा, पंखा असो नाहीतर कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) वास. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. पंधरा दिवस तरी जाऊ द्या.

आणि गेलेल्या चौघांपैकी एकाला फोन करा. परत ये म्हणायला नाही, नुसतं कुठे चुकलं ते विचारायला, आणि त्या वेळी तुमचा सुपरवायझर केबिनमध्ये नको.