उन्हाळ्यात व्हॅनिलाचा गोड परफ्यूम पुरुषाने लावला तर चालतो का? किती वेळ टिकतो?

चालतो. कुणाची परवानगी काढायचीय?

मी सोलापूरचा. गेल्या मे महिन्यात मेहुण्याचं लग्न होतं. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळलेलं, आत कार्यालयात कूलरसमोरची खुर्ची साडूंनी सकाळपासून अडवलेली. मी नवा पांढरा शर्ट घातला, कॉलरखाली व्हॅनिलाचे दोन फवारे मारले आणि गेलो. दारात एक पोरगा सगळ्यांच्या हाताला अत्तर लावत होता. मी हात मागे घेतला, ते साडूंनी बघितलं. पंगतीला मुद्दाम शेजारी येऊन बसले, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि वाढप्याला हाक मारली, "अरे, कस्टर्ड कधी आणतोस? वास तर मघापासून येतोय!" अख्खी पंगत हसली. बायकोसुद्धा. तेव्हापासून सासरवाडीत माझं नाव कस्टर्ड.

वर "बायकांचा आहे रे हा" हेही ऐकवलं. तेव्हा तोंडात जिलबी होती, म्हणून इथं सांगतो. पॅरिसच्या गेर्लां या अत्तरवाल्यांचा 'जिकी' नावाचा परफ्यूम १८८९ सालचा. त्यात कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं द्रव्य, आहे, आणि तो बाप्यांनीही लावलाय. उन्हाळ्यात आमरस वाटीवर वाटी चालतो, मोगऱ्याच्या गोडीला कुणी हसत नाही, मग व्हॅनिलानेच काय घोडं मारलंय? साडू स्वतः एवढं हिना अत्तर चोपडतात की रिक्षातून उतरल्यावरही रिक्षात तेच बसलेले असतात.

टिकण्याचं म्हणाल तर लिंबू-संत्र्याचा वास चटकन उडतो, व्हॅनिला मागं रेंगाळतो. माझा सकाळचा संध्याकाळपर्यंत पुरतो. मात्र उन्हात वास जास्त फेकतो, त्यामुळे थंडीत लावता त्याच्या निम्माच लावा. एसटीने जाणार असाल तर एकच फवारा, शेजारच्याला आधीच बस लागलेली असते.

आणि हो, पांढऱ्या कपड्यावर मारू नका. व्हॅनिलिनने कापड पिवळं-तपकिरी पडतं. माझ्या त्या शर्टाच्या कॉलरवर डाग उमटला, तेव्हा मी घरभर सांगत सुटलो की साडूंनी हळदीचा हात पुसला. अजून तसंच सांगतो.

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे वास्तुशांत आहे. शर्ट गडद निळा घेतलाय.