मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना खोक्यात अंडी घालण्याची सवय कशी लावावी?

आपल्या बारा गावठी कोंबड्या दिवसभर परड्यात मोकळ्या असतात आणि सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली खोकी सोडून कुंपणात किंवा पेंढ्याच्या उडवीखाली अंडी घालतात, ही आपली अडचण मला चांगलीच परिचयाची आहे. चिपळूणजवळच्या आमच्या घरी अठरा कोंबड्या आहेत. पहिल्या वर्षी घाणेरीच्या जाळीत एकदम तेरा अंडी सापडली आणि त्यांतील चार पाण्यात सोडताच वर तरंगली, म्हणजे ती टाकूनच द्यावी लागली.

अंड्यासाठी जागा निवडताना कोंबडी अंधार, आडोसा आणि कोरडेपणा पाहते, आणि जिथे आधीच एखादे अंडे पडलेले असते ती जागा तिला अधिक भरवशाची वाटते. खोके दारासमोर उजेडात असेल, तर तिच्या दृष्टीने घाणेरीची जाळीच सरस ठरते. म्हणून खोकी खुराड्याच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बसवावीत आणि तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा सोडावा. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक फूट पुरते. पुढच्या बाजूला चार-पाच इंचांची पट्टी ठोकली नाही, तर कोंबडी पायांनी उकरून सगळा पेंढा खाली पाडते आणि अंडे उघड्या फळीवर पडून तडकते. बारा कोंबड्यांना तीन खोकी पुरेशी आहेत, जरी त्या बहुधा एकाच खोक्यासाठी भांडत बसतील. रात्री बसण्याची काठी मात्र खोक्यांपेक्षा उंच हवी, कारण कोंबड्या सर्वांत उंच जागी झोपतात आणि खोक्यात झोपल्या की ते विष्ठेने भरते.

खरा उपाय सकाळच्या वेळेत आहे. एक अंडे तयार होण्यास साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे त्याच कोंबडीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, पण बहुतेक अंडी सकाळी अकराच्या आत पडतात. तेव्हा दोन आठवडे कोंबड्यांना अकरापर्यंत खुराड्यातच ठेवावे, दाणापाणी आतच द्यावे, आणि वर पत्रा असेल तर दाराला जाळी लावून हवा खेळती ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस त्या दारापाशी येरझारा घालून कलकलाट करतात. त्या आवाजाने विरघळून आम्ही एकदा नऊ वाजताच दार उघडले, तर काबरी कोंबडी तडक उडवीकडे पळाली. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांना ही सवय लवकर लागते, जुन्या कोंबड्यांना वेळ लागतो.

याच काळात प्रत्येक खोक्यात एक नकली अंडे ठेवावे. आम्ही नदीतले गुळगुळीत, अंड्याएवढे पांढरट गोटे वापरतो. खरे अंडे ठेवायचे असल्यास त्यावर पेन्सिलीने खूण करून ते दर दोन दिवसांनी बदलावे, कारण आपल्याकडे कोंबडा असेल तर उन्हाळ्याच्या उष्म्यात त्यात पिलाची वाढ सुरू होऊ शकते. बाहेरच्या जुन्या जागा कोंबड्या कोंडलेल्या असतानाच साफ करून तिथे दगड किंवा काटेरी फांद्या टाकाव्यात; कोंबड्या मोकळ्या असताना एक जाळी साफ केली, तर त्या दुसरी शोधतात.

एवढे करूनही चांगले चाललेले खोके कोंबड्यांनी अचानक सोडले, तर रात्री विजेरी घेऊन फळ्यांचे सांधे तपासावेत. रक्त पिणारे बारीक लालसर किडे दिवसा फटींत दडतात आणि रात्री बाहेर येतात. अशा वेळी पेंढा जाळून, खोके उन्हात तापवून, नवा पेंढा घालावा. दुसरे कारण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी असते. ती खोके अडवून बसते आणि इतरांना चोच मारते. पिल्ले काढायची नसल्यास तिला तीन-चार दिवस हवेशीर जागी, खाली पेंढा न घालता डालून ठेवावे.

आमची ती काबरी दोन आठवड्यांनंतरही ऐकेना. दार उघडेपर्यंत ती अंडे रोखून धरी आणि मग पडवीतल्या एका फुटक्या पाटीत जाऊन घाली. शेवटी ती पाटीच उचलून आम्ही खुराड्यात, खोक्यांच्या शेजारी ठेवली, आणि आता तिच्यासह आणखी दोघी तिथेच अंडी घालतात.