पुण्याजवळ लढाईमुळे ओळखलं जाणारं, मुलांना अर्ध्या दिवसात दाखवून आणता येईल असं गाव कोणतं?

वडगाव मावळ. लोणावळा लोकल पकडा आणि तळेगावच्या पुढच्या स्टेशनला उतरा. आज ते तालुक्याचं ठिकाण आहे, पण १७७९च्या जानेवारीत तिथे मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांपुढे गुडघे टेकले तेव्हा ते लहानसं खेडं होतं.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला इंग्रज फौज बोरघाट चढून आली. जवळपास चार हजार शिपाई-गोरे, आणि सामान ओढायला १९ हजारांवर बैल! एवढा पसारा कसला पळतोय? वाटेत मराठी स्वार रोज लचके तोडत होते. ४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. आपल्याकडचे त्याला इष्टुर फाकडा म्हणत. शत्रूचा असूनही त्याच्या शौर्याचं कौतुक झालं, आणि वडगावात त्याची समाधी आहे. लोक तिला हात जोडतात. मुलांना ती आवर्जून दाखवा.

महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके ही नावं पुस्तकात मिळतील. मला मात्र मुलांना वेगळंच सांगावंसं वाटतं. ९ तारखेला इंग्रज तळेगावात पोचले तर मराठ्यांनी गाव आधीच जाळलेलं. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी होती. शत्रूच्या बैलाला पेंढी मिळू नये म्हणून ज्यांच्या गंजी पेटल्या, त्या कुणब्यांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत. पौष-माघाचे दिवस, खळी नुकतीच उरकलेली, म्हणजे वर्षभराची बेगमी घरात आलेली असताना हे झालं. माझ्या मते या विजयात त्यांचा वाटा सेनापतींएवढाच आहे.

पुण्याच्या इतक्या जवळ येऊन इंग्रजांनी कच खाल्ली. ११च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, दारूगोळा-सामान जाळलं आणि ते गुपचूप मागे फिरले. मराठ्यांना लगेच सुगावा लागला आणि वडगावला इंग्रजांची पुरती कोंडी झाली. १६ जानेवारीला तह झाला: १७७३पासून बळकावलेला मुलूख, त्यात मुंबईलगतचं साष्टी बेटही, परत द्यायचा. हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस ठेवले. पुढे इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तह झुगारून दिला आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. त्यामुळेच बहुधा शाळेच्या पुस्तकात वडगावला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही. ही गोष्ट मला फार लागते.

गावात विजयस्तंभ आणि महादजींचा पुतळा आहे. ग्रामदैवत पोटोबा महाराजांच्या देवळातही जाऊन या. दुपारचं ऊन टाळायचं असेल तर सकाळची लोकल धरा, आणि येताना तळेगावला उतरून तिथलं तळं मुलांना दाखवा.