मदरबोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन अडलं, तर आधी काय करायचं

तुमची अडचण मला समजली ती अशी. मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, डिस्क तीच ठेवली. विंडोज सुरू झालं, पण पैसे मोजून घेतलेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर म्हणतंय 'ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली'. कंपनीला मेल करून चार दिवस झाले, उत्तर नाही, आणि कुणीतरी क्रॅक, म्हणजे ॲक्टिव्हेशन चुकवणारी चोरटी फाइल, टाकायला सुचवलंय. आधी हे का झालं ते सांगतो, कारण ते कळलं की मेलमध्ये काय लिहायचं तेही कळतं.

ॲक्टिव्हेशन तुम्हाला ओळखत नाही, मशीनला ओळखतं. पहिल्यांदा लायसन्स की (विकत घेताना मिळालेला सांकेतिक नंबर) टाकली तेव्हा प्रोग्रॅमने मदरबोर्डचा सिरियल, डिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (त्या कार्डाचा स्वतःचा नंबर) अशा खुणा गोळा केल्या आणि त्यांचा एक हॅश, म्हणजे गणिताने काढलेला छोटा सांकेतिक आकडा, काढून कंपनीच्या सर्व्हरला पाठवला. हा हॅश म्हणजे मशीनच्या अंगठ्याचा ठसा. सर्व्हरने त्यावर फक्त कंपनीकडे असलेल्या गुप्त कीने डिजिटल सही करून लायसन्स फाइल परत दिली. आता प्रोग्रॅम उघडताना सही तपासली जाते आणि ठसा पुन्हा घेऊन जुळवला जातो. मदरबोर्ड गेला की त्याचा सिरियल गेला, आणि नेटवर्क कार्ड बहुधा त्यावरच असल्याने मॅक ॲड्रेसही गेला. तुम्ही एकच भाग बदललात, पण सर्व्हरच्या लेखी हे नवंच मशीन आहे. 2001 मध्ये विंडोज एक्सपीने ही पद्धत घरोघरी नेली, तेव्हा 10 भागांच्या खुणा घेऊन थोडाफार बदल चालवून घेतला जायचा. इतकी सवलत प्रत्येक कंपनी देत नाही.

याच फेऱ्यात मी एकदा अकरा दिवस अडकलो होतो. ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर, दोन मशीनची परवानगी (अशा एका मशीनच्या परवानगीला सीट म्हणतात), आणि त्यातला एक लॅपटॉप पाणी सांडून गेला. कंपनीच्या मदत पानावर लिहिलं होतं, 'जुन्या मशीनवर प्रोग्रॅम उघडा, हेल्प मेनूत जाऊन डीॲक्टिव्हेट दाबा.' तो लॅपटॉप माझ्यासमोर टेबलावर कीबोर्ड काढून ठेवलेला होता. पॉवरचं बटण दाबलं की पांढरा दिवा एकदा लागायचा आणि विझायचा. जे मशीन मेलं म्हणून मी मदत मागत होतो, तेच चालू करायला सांगत होते. पहिल्या तीन मेलमध्ये मी नुसता संताप लिहिला. चौथ्यात पावती, ऑर्डर नंबर आणि नव्या मशीनचा आयडी जोडून 'जुन्या मशीनची सीट रद्द करा' एवढंच मागितलं. दुसऱ्या दिवशी सीट मोकळी झाली.

म्हणून तुम्हीही आज नवा मेल लिहा. विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर, आत पावतीची पीडीएफ, ॲक्टिव्हेशनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट (मशीन आयडी सहसा तिथेच दिसतो), मदरबोर्ड बदलल्याची तारीख आणि नव्या बोर्डाचं बिल. 'मदत करा' असं मोघम लिहू नका. जुनी सीट रद्द करा किंवा एक ॲक्टिव्हेशन वाढवून द्या, असं थेट मागा. मेल वाचणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं. त्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात लॉगिन करून मशीनची यादी दिसते का बघा. बऱ्याच ठिकाणी जुनं मशीन तिथूनच काढता येतं आणि मेलची गरजच राहत नाही.

तोवर 'ॲक्टिव्हेट' पुन्हा पुन्हा दाबू नका, काही सर्व्हर अशा वेळी लायसन्स कीच गोठवतात. विंडोज नव्याने टाकूनही उपयोग नाही, ठसा हार्डवेअरचा आहे. मात्र घड्याळ तपासा. नव्या बोर्डावर तारीख जुनी राहिली असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रच अवैध ठरतं, आणि सीट मोकळी झाल्यावरही 'सर्व्हर सापडला नाही' असं काहीतरी दिसत राहील.

विंडोजचं ॲक्टिव्हेशनही बघून घ्या. विंडोज 10 मध्ये 2016 पासून विंडोजचं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतं. आधी जोडलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय घ्या. मशीनबरोबर उत्पादकाकडूनच आलेलं (ओईएम) लायसन्स मात्र मूळ बोर्डाला बांधलेलं असतं.

आता क्रॅक. तो टाकू नका. ती फाइल ॲडमिनच्या हक्काने चालते, बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावते, आणि आत आणखी काय आहे ते तुम्हाला बघता येत नाही. शिवाय आज तुमची बाजू भक्कम आहे, तुमच्याकडे पावती आहे. ती कशाला घालवायची? पण तुमचा राग रास्त आहे. चोरून वापरणाऱ्याला हा संदेश कधीच दिसत नाही, पैसे भरणाऱ्यालाच दिसतो. सेफडिस्क नावाचं कॉपी रोखणारं संरक्षण असलेल्या गेमच्या खऱ्या, विकत घेतलेल्या सीडी विंडोज 10 वर चालेनाशा झाल्या, कारण त्या संरक्षणाला लागणारा ड्रायव्हर (विंडोजमधला छोटा प्रोग्रॅम) मुळातच मायक्रोसॉफ्टने बाद केला. सप्टेंबर 2015 च्या सुरक्षा अपडेटने तो जुन्या विंडोजमध्येही बंद पडला. उलट अडोबीने सीएस2 या आपल्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सिरियल नंबर उपलब्ध करून दिले. प्रत्येक कंपनीने विक्रीच्या वेळीच असं लेखी द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेल विक्री विभागाच्या पत्त्यावर पाठवा, तिथून लवकर हालचाल होते असा माझा अनुभव आहे. आणि सीट मिळाली की त्याच दिवशी लायसन्स फाइल, ऑर्डर नंबर आणि मशीन आयडी या मशीनबाहेर कुठेतरी जपून ठेवा. मेलचा मसुदा पाठवलात तर वाचून सांगतो.