ए-फोरचं ए-थ्री करताना

दुप्पट कागदावर नकाशा हवा म्हटलं की नवी मुलं झेरॉक्सवर सरळ २०० टक्के टाकतात. तू तसं करू नकोस. टक्के लांबीला लागतात, क्षेत्रफळाला नाही. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट झाल्या की क्षेत्रफळ चौपट, आणि अर्धा नकाशा कागदाबाहेर. ए-फोर २१० बाय २९७ मिमी, ए-थ्री २९७ बाय ४२०; गुणक २ चं वर्गमूळ, म्हणून १४१ टक्के. परत येताना ७१. (४१ वाढवले म्हणून ४१ कमी करत ५९ टाकणारेही भेटतील. वजाबाकी नव्हे, भागाकार करायचा असतो.)

कोन बदलत नाहीत. वर्तुळ अंडाकृती दिसलं तर आडवा नि उभा गुणक वेगळा पडलाय, ती प्रत फेकून दे.

खरा घोळ होतो तो कोपऱ्यातल्या '१:१००' या प्रमाणामुळे (कागदावरचा १ सेमी म्हणजे जागेवरचे १०० सेमी). ७१ टक्क्यांच्या प्रतीवर तो आकडा तसाच उमटतो, पण प्रमाण झालेलं असतं साधारण १:१४१. मिस्त्री बिचारा पट्टी लावतो आणि १४ फुटांची खोली १० फुटांची भरते. म्हणून आकड्याशेजारी मीटरच्या खुणांची छोटी पट्टी काढत जा. नकाशा आक्रसला की तीही तेवढीच आक्रसते.